कावळ्यानं नेलं

तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. हे मीच आधी सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल. गावात म्हणतात, दत्ताची काहीतरी इच्छा राहिली. कुणी म्हणतं जीव दुकानात अडकला, कुणी म्हणतं पोरांत. तुमची आई तर रोज दिवेलागणीला मला समोर बसवते आणि विचारते, "वर्षा, तुला तरी काई बोलला व्हता का ग?" मी "न्हाई आत्या" म्हणते आणि भांड्यांचं निमित्त करून उठते. त्यांना काय सांगू? कावळा आला होता. चांगला पिंडाजवळ आला होता. तुमच्या मुलानं त्याला शिवू दिलं नाही. आणि त्यानं तसं का केलं, ते या घरात तिघांनाच ठाऊक होतं. तुम्हाला, मला आणि ईश्वरीला.

चौसाळ्यात सांत्वनाला येणारी माणसं आता कमी झालीत. आलेली प्रत्येक बाई मला रड म्हणून सांगून गेली. मला रडण्यापेक्षा भांडायचं आहे, आणि ते ऐकायला तुम्ही नाही. आपलं तसं एकच भांडण होतं. बाकीची छोटी-मोठी यायची आणि जायची, पण हे एक आपल्याबरोबर रोज जेवायला बसायचं. लेकरांना खोटं सांगायचं की नाही, एवढाच मुद्दा. तो निकालात न काढता तुम्ही मध्येच उठून गेलात.

सुरुवात नारायणगडावर झाली, आठवतं का? यात्रेत ईश्वरीला फुगा घेतला होता. लहान होती, तीन वर्षांची असेल. दर्शनाच्या रांगेत तिची मूठ सुटली आणि फुगा वर निघून गेला. पोरीनं तिथंच जमिनीवर अंग टाकलं. मी तिला समजावून सांगतच होते, तेवढ्यात तुम्ही तिला खांद्यावर उचललंत आणि म्हणालात, "अगं, कावळ्यानं नेला. त्याच्या पिल्लाचा वाढदिवस हाय आज." रडणं तिथल्या तिथं थांबलं. "मंग देईल का परत?" असं तिनं विचारलं. तुम्ही मान डोलावलीत. "भाकर दिली की देतो. लई इमानदार पाखरू हाय."

घरी आल्यावर तिनं स्वतःच्या हातानं गच्चीच्या कठड्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टँडवरून तसाच फुगा आणून गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाकीमागं, दोरा पुढं लोंबेल असा कोंबून ठेवलात, आणि "कावळा येऊन गेला वाटतं, बघ बरं" म्हणून तिला वर पाठवलंत. पोरगी फुगा घेऊन जिना उतरली तेव्हा तिचा चेहरा मीही बघितला होता. तरी रात्रीपर्यंत मी धुसफुसत होते.

गडावरून येताना मोटारसायकलवर आपलं जे भांडण झालं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "सरळ सांगायचं व्हतं की फुगा उडाला, आता येत न्हाई." तुम्ही वाऱ्यात ओरडून बोललात, "तीन वर्साच्या लेकराला येत न्हाई म्हनायचं? तिला सगळी जिंदगी पडली हाय ना, न्हाई ऐकायला."

मी अंगणवाडीत शिकवते. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं माझ्यापुढं बसलेली असतात. कुणाला बुवाची भीती घातलेली, कुणाला सुईची, कुणाला पोलिसांची. ती भीती काढता काढता माझा अर्धा दिवस जातो. त्यामुळं घरात असल्या थापा मला खपायच्या नाहीत. मी म्हणायची, "खोट्याच्या कपाळी गोटा." तुम्ही म्हणायचात, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मग शंभू झाला, आणि तुमच्या कावळ्याचा कारभार वाढला. मोबाईल कावळ्यानं नेला. कात्री कावळ्यानं नेली. गुळाचा खडा, दुकानातला पेचकस, आत्यांच्या कवळीची डबी, जे म्हणून लेकराच्या हातात नको ते सगळं कावळ्यानं नेलं. आणि प्रत्येक वेळी कठड्यावर भाकर ठेवली की थोड्या वेळानं वस्तू टाकीमागं सापडायची. ईश्वरी मोठी झाली तसं तिला सगळं कळलं, पण तुम्ही तिला तुमच्या पार्टीत ओढलंत. दोघं बाप-लेक एकमेकांकडं बघून डोळे मिचकावायचात. मी चिडून म्हणायची, "कुठं हाय तुमचा कावळा? बाप दाखवा न्हाईतर श्राद्ध करा." त्यावर तुम्ही छातीवर हात मारून शंभूला म्हणायचात, "हा बघ, बाप हितं हाय. आता श्राद्ध कशाला?" आणि तो खदाखदा हसायचा. ही म्हण मी किती सहज वापरत होते. आता ती मी तोंडातून काढत नाही.

सकाळचं घर तुमचं होतं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. मला लवकर निघावं लागायचं. मागं दोन पोरांच्या अंघोळी, डबे, वेण्या सगळं तुमच्याकडं. तुमचा धंदा जळालेल्या मोटारींचा. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती दुकानात आणून टाकायचे. तुम्ही जळकी तार उपसून काढायचात आणि नवी तांब्याची तार भरायचात, वेढ्याला वेढा चिकटवून. तोच हात ईश्वरीच्या केसांत चालायचा. वेणी इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर चढायच्या. "पप्पा, दुखतंय." "दुखू दे. शाळा सुटंपर्यंत हलनार न्हाई. ग्यारंटी हाय." मग मोटारसायकलवर शंभूला पुढं पेट्रोलच्या टाकीवर, ईश्वरीला मागं, दप्तर हँडलला, आणि हॉर्न वाजवायचं काम शंभूकडं. हायवेच्या कडेनं तुमची वरात निघाली की टायरवाले चाचा दुकानातून हात करायचे. त्या हॉर्नवरून त्यांना वेळ कळायची म्हणे.

दुपारी तुम्ही जेवायला यायचात ते खरं तर शंभूला भरवायला. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. चिऊचा त्याच्या तोंडात आणि काऊचा तुमच्या. "काऊ आज लई भुकेला हाय," असं म्हणून त्याचं ताट तुम्हीच साफ करायचात. तूप पाहिजेच. "कोरडी भाकर खायला मी काय जेलात हाय?" डॉक्टरनं तुम्हाला तूप कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मी डबा वरच्या फळीवर ठेवायची. पण संपलं म्हणून कधी सांगितलं नाही. "तूप हाय, पन देनार न्हाई," असं तोंडावर सांगायची. तुम्ही शंभूला खांद्यावर घेऊन त्याच्याकडून डबा काढवायचात आणि दोघं मिळून बोटं चाटायचात.

शेवटच्या आठवड्यात शंभूला बाजारातून लाल शिट्टी आणलीत. ती त्याच्या तोंडातून निघेना. जेवताना शिट्टी, संडासात शिट्टी. माझं डोकं उठलं. मी म्हणाले, "त्या शिट्टीचं काई तरी करा, न्हाईतर मी चकलांब्याला जाते माझ्या माहेरी." तुम्ही हसलात. संध्याकाळी शंभू घरभर शोधत होता आणि तुम्ही निवांत पेपर वाचत बोललात, "कावळ्यानं नेली असंल." मी पोळ्या लाटत होते. या वेळी मी भांडले नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तुम्ही छातीवरून हात फिरवत घरी आलात. घाम आला होता. मी विचारलं तर म्हणालात, "काई न्हाई ग. पित्त झालंय. सोडा पितो." ज्या सुरात तुम्ही लेकरांना कावळ्याचं सांगायचात, त्याच सुरात. आयुष्यभर तुमच्या प्रत्येक थापेला मी पुरावा मागितला, आणि त्या दिवशी मुकाट्यानं सोड्याची बाटली आणून दिली. तुम्ही परत दुकानात गेलात, मी अंगणवाडीत. थोड्या वेळानं टायरवाले चाचा अंगणवाडीच्या दारात उभे. "भाभी, चला. काही विचारू नका, चला." त्यांच्या टेम्पोत तुम्ही आडवे होतात. बीडच्या वाटेवर तुमचा हात माझ्या हातात गार पडत गेला, आणि चाचा पुढून सारखे म्हणत होते, "हिंमत धरा, पोचलोच." ते पण खोटंच होतं. पण ते ऐकायला मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

पित्त म्हणालात ना? मला तुमचा फार राग येतो. स्वयंपाक करताना येतो, अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढताना येतो. माझ्यापासून काय लपवत होतात? मी काय फुग्यासाठी जमिनीवर अंग टाकणार होते?

शंभूला कुणी काही सांगितलं नाही. आलेल्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, पप्पा देवाघरी गेले, पप्पा चांदणी झाले. मी गप्प. खोटं बोलायचं नाही असा माझा बाणा, पण खरं बोलायचं तर आधी तोंड उघडावं लागतं. ते माझ्यानं झालं नाही. त्याचं डोकं भादरलं तेव्हा जमिनीवर पडलेल्या केसांकडं तो बघत बसला. न्हाव्यानं ते गोळा करून नेले, तरी कुठं नेले म्हणून त्यानं विचारलं नाही. चार वर्षांचं पोर, दिवसभर हजार प्रश्न विचारणारं. मला तेव्हाच समजायला हवं होतं की त्याच्यापुरतं त्याला उत्तर सापडलंय.

दहाव्याला नदीवर गेलो. पाणी कमीच होतं. गुरुजींनी पिंड मांडले, तुमच्या थोरल्या भावानं शंभूच्या हाताला हात लावून पाणी सोडलं. मग सगळे मागं सरले आणि समोरच्या लिंबाकडं बघत उभे राहिले. कावळे होते झाडावर, पण एकही उतरेना. भाऊजी हात जोडून म्हणाले, "दत्ता, पोरांची काळजी करू नको बाबा. आमी हाव." कावळा हलला नाही. आत्यांनी पदर पसरला. "लेकरा, तुझं दुकान बंद पडू देनार न्हाई. ये रे माझ्या राजा." तरी नाही. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. आत्या म्हणाल्या, "वर्षा, तू म्हन. तुझं ऐकंल त्यो."

काय म्हणायचं ते मला माहीत होतं. काळजी करू नका, पोरांना काही कमी पडू देणार नाही, एवढंच. पण ते खरं नव्हतं हो. मलाच काळजी लागली होती, आणि कमी तर पडणारच होतं, ते दिसतच होतं. मला बोलवेना. लोकांना वाटलं, दुःखानं वाचा बसली. खरं कारण तुम्हाला तेवढं कळलं असतं.

त्या शांततेत शंभूनं ईश्वरीला विचारलं, "ताई, कावळ्याला कावून बोलवतेत?" ती खालमानेनं म्हणाली, "पप्पासाठी." आणि मी शंभूचं तोंड उजळताना बघितलं. त्यानं भाताच्या पिंडाकडं बघितलं, कावळ्याकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "भात ठिवलाय! आता देईल!" बायकांना वाटलं पोर बरळतंय. त्या आणखी मोठ्यानं रडायला लागल्या. तेवढ्यात एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, मान तिरकी केली. शंभूनं भाऊजींच्या हातातून हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात पसरून त्याच्याकडं पळाला. "दे! आमचे पप्पा दे!"

कावळा उडाला. त्याच्याबरोबर सगळं झाड रिकामं झालं. परत एकही आला नाही. ऊन चढलं, लोक घड्याळ बघायला लागले, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. शंभू माझ्या कडेवरून रागानं म्हणाला, "ह्यो खरा न्हाई. गवताचा हाय." एवढ्या माणसांत तेवढा एकच माझ्या बाजूचा निघाला.

त्यानंतर त्यानं जेवण सोडलं म्हटलं तरी चालेल. ताटात वाढलेल्या भाकरीचा एक घास खायचा आणि उरलेली घेऊन जिन्यानं वर जायचा. कठड्यावर ठेवायचा, आणि जिन्याच्या तोंडाशी बसून राहायचा. कावळा यायचा, भाकर न्यायचा. शंभू लगबगीनं टाकीमागं डोकावायचा, पण तुम्ही उचलून धरायला नव्हतात आणि त्याची उंची पुरायची नाही, नुसती फटीची वरची पोकळी दिसायची. खाली येऊन म्हणायचा, "अजून आनलं न्हाई." आत्यांना कौतुक, लेकरू बापासाठी घास काढून ठेवतंय म्हणून. मला दिसत होतं की त्याच्या बरगड्या वर आल्यात. भाकर कमी पडत असेल असं त्याला वाटलं असावं. एके दिवशी त्यानं भाकरीशेजारी तुम्ही उरलेल्या तारेचा करून दिलेला बैल ठेवला. ज्याला ईश्वरीलाही हात लावू द्यायचा नाही, तो बैल. मी खालून बघत होते. मी त्या वेळीही वर गेले नाही.

शेवटी ईश्वरीनं तोंड उघडलं. मी तिची वेणी घालत होते. "तुला पप्पासारखी येत न्हाई," ती म्हणाली. मी म्हणाले, "न्हाई येत." मग ती पुढं बघतच बोलली, "आई, शंभूची शिट्टी टाकीच्या मागं हाय. पप्पानं ठिवलेली."

"मग त्याला दिली कावून न्हाईस?"

"दिली तर त्याला वाटंल कावळ्यानं आनली. मंग तो पप्पाची लईच वाट बघंल."

माझे हात तिच्या केसांत तसेच राहिले. तिसरीतली पोर हो ही. एवढे दिवस हे एकटी घेऊन हिंडत होती. मी म्हणाले, "मला तरी सांगायचं." त्यावर ती फुटली. "पप्पानं शपथ घातली व्हती, शंभूला कळू द्यायचं न्हाई म्हनून. सांगितलं तर तुझ्याशी कट्टी, असं म्हनले व्हते." तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, आणि रडली तेही तुमचं गुपित फोडलं म्हणून. अर्धी घातलेली वेणी सुटून गेली. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही.

दुपारी मी शंभूला कडेवर घेऊन गच्चीवर गेले. टाकीजवळ त्याला उचलून धरलं, म्हणजे मागची फट दिसावी. मी म्हणाले, "शंभू, हितं बघ. पप्पा सगळं हितं ठिवायचे. मोबाईल, कात्री, तुझी शिट्टी. कावळा कधीच काई नेत नव्हता. पप्पा गंमत करायचे."

तुमची झाकली मूठ मी अशी उघडली. तुम्ही असतात तर महिनाभर बोलला नसतात माझ्याशी.

त्यानं फटीत हात घातला. शिट्टी निघाली. ती त्यानं नीट बघितली, तोंडाला लावली नाही. मला वाटलं, आता विचारेल, गंमत का करायचे. पण त्यानं शिट्टी माझ्या हातात दिली आणि परत फटीत हात घातला. खांद्यापर्यंत घातला. आत चाचपत राहिला. मग मान वळवून विचारलं, "आनि पप्पा कुठं ठिवलेत?"

मी खाली बसले. त्याला मांडीवर घेतलं. गेले म्हटलं तर कधी येणार विचारेल. देवाघरी म्हटलं तर पत्ता विचारेल. म्हणून जो शब्द घरात कुणीच उच्चारला नव्हता तो मी उच्चारला. "पप्पा मेले, बाळा. त्यांच्या छातीतलं काळीज थांबलं. कुनी नेलं न्हाई, कुनी लपवलं न्हाई. ते आता येनार न्हाईत."

त्यानं मला मारलं. दोन्ही मुठींनी, तोंडावर, छातीवर. "तू खोटं बोलतीस! तू खोटारडी हाय! पप्पा खरं बोलायचे!" मला आयुष्यात कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. मी मार खात बसले. मग तो दमला, उन्हातच माझ्या मांडीवर झोपला, आणि मी त्याच्या भादरलेल्या डोक्यावर पदर धरून बसून राहिले. कठड्यावर सकाळची भाकर वाळत पडली होती.

तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इतकी वर्षं भांडताना मी ती कधी हिशेबात धरलीच नाही. कावळ्यानं नेलेली प्रत्येक वस्तू तुम्ही परत आणून दिली होती. एकही ठेवून घेतली नाही. फुगा तर दुसरा आणलात, पण आणलात. लेकरांना तुम्ही खोटं शिकवत होतात असं मी समजत होते. तुम्ही त्यांना शिकवत होतात की गेलेलं परत मिळतं. मला हे पटलंय असं समजू नका. ते शिकवणं चुकीचंच होतं, आणि त्याची किंमत आज तुमचा पोरगा उपाशी राहून चुकवतोय. पण तुम्ही होतात तोवर ते खरं होतं, एवढं मी कबूल करते. या घरात काही हरवून राहिलं नाही. पहिल्यांदाच हरवलं ते तुम्ही.

आणि नदीवर जे बोलले नाही ते आता बोलते. काळजी करू नका, असं मी म्हणणार नाही. करा. जिथं असाल तिथं करा. तुमची पोरगी आठव्या वर्षीच गुपितं सांभाळायला लागलीय, तुमचा पोरगा वाळत चाललाय, माझ्या हातची वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकत नाही. बापाला काळजी टाळायला मरणाचं निमित्त चालत नाही.

शिट्टी त्याच्या उशाखाली आहे. वाजव म्हटलं तरी वाजवत नाही. तिच्यामुळं माझं डोकं उठायचं, आणि आता ती वाजावी म्हणून मी कान देऊन असते.

गच्चीवर बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. शंभू आला, टोपल्यातली वरची भाकर उचलली आणि जिन्याकडं निघाला. एवढं सगळं करून काहीच कळलं नाही का याला? मी हात धुवून त्याच्यामागं गेले.

"शंभू, काल सांगितलं ना तुला. कावळा काई आनत न्हाई."

"मला म्हाईत हाय." तो पहिल्या पायरीवर थांबला. "आनत न्हाई. पन नेतो ना?"

"कुठं?" मी विचारलं.

"तिकडं," तो म्हणाला. "पप्पाला."

माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. ते माझ्या जिभेवरही आलं होतं. कुणाला माहीत आहे? गुरुजींना नाही, आत्यांना नाही, मला तर मुळीच नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत उभा होता, हातातली भाकर छातीशी धरून, आणि मी म्हणाले, "नेतो."

त्यानं मान डोलावली. दोन पायऱ्या चढला, थांबला, भाकर उलटीपालटी करून बघितली आणि परत खाली आला. ती माझ्यापुढं धरली.

"मंग तूप लाव. पप्पाला कोरडी आवडत न्हाई."

मी वरच्या फळीवरचा डबा काढला आणि तूप लावलं. चांगलं बोटभर लावलं, भाकरीच्या कडेपर्यंत.